आत्याला दरवाजे बघायचे होते

पावसाळ्यात आमच्या घरात दोन आकडे पाठ असतात, 39 आणि 43. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 वर गेली की धोका. त्याच्याही आधी एक बातमी येते, टीव्हीवर खालच्या पट्टीत: राधानगरी धरणाचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला, 1428 क्युसेक विसर्ग सुरू. ती पट्टी दिसली की शुक्रवार पेठेतली माझी आत्या गव्हाचा डबा माळ्यावर चढवायला घेते. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा तिच्या घरात लाकडी कपाट उभ्या उभ्या तरंगलं होतं. तेव्हापासून तिचा त्या दरवाज्यांवर राग आहे. शेजाऱ्याच्या वांड पोरांवर असावा तसा राग, नंबरासकट. "सहा नंबरचा लई वाईट. सगळ्यात आधी त्योच उघडतोय."

दिवाळीनंतर ओळखीच्या एका सहलवाल्यानं 'राधानगरी-दाजीपूर : तलाव, धबधबे, गवे, गाइडसह' असा मेसेज पाठवला. नवऱ्याला रजा नव्हती. मी सहज आत्याला विचारलं. जंगल म्हटल्यावर ती नाहीच म्हणाली. मग विचारलंन, "वाटेत ते धरण लागतंय काय?" लागतं म्हटलं. "मग येतो की."

(आमच्याकडं बायका येतो-जातोच म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी गडबडून जाऊ नये.)

पहिला दिवस, शुक्रवार

पहाटे सहाला रंकाळा स्टँडजवळून निघायचं होतं, निघालो सव्वासातला. चौदा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर. त्यातले सहा जण एकाच ऑफिसातले, त्यांच्याकडं एक ब्लूटूथ स्पीकर. तो पुढं दोन दिवस माझा वैरी ठरणार होता.

वाशी नाका आणि पुईखडी मागं पडली की दोन्ही बाजूंना उसाशिवाय दुसरं काही दिसत नाही. हंगाम सुरू झालेला. हळदीच्या पुढं उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढ्यात आला आणि भोगावती कारखान्यापर्यंत त्याच्या मागून रांगणं आलं. ट्रॅक्टरवर गाणी, आमच्यात गाणी. आत्यानं कानाला पदर लावला. रस्त्याकडेला ऊसतोडीवाल्यांची पालं, चुलींचा धूर, आणि एका गुऱ्हाळावरून येणारा काकवीचा वास. तिथं थांबलो असतो तर मला आवडलं असतं, पण सहलवाल्याच्या कागदात गुऱ्हाळ नव्हतं. त्याच्या कागदात 'फोटो पॉइंट' होते, ते मात्र एकही चुकला नाही.

राधानगरी कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. गावाला नाव शाहू महाराजांच्या मुलीचं, राधाबाईंचं. धरण भोगावतीवर, त्याच्या तलावाला लक्ष्मी तलाव म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका संस्थानच्या राजानं स्वतःच्या खजिन्यातून एवढं धरण बांधायला काढायचं, हे आज वाचताना सोपं वाटतं. पैसा पुरला नाही, काम रेंगाळलं, महाराज 1922 ला गेले. धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

गाइड इथंच आम्हाला भेटला. दाजीपूरकडचाच, पंचविशीतला, पायात रबरी चप्पल. त्यानं आल्या आल्या आत्याला "आज्जी, सावकाश" म्हटलं आणि तिथंच त्याचं खातं खराब झालं. पुढचा अर्धा तास ती त्याच्याशी बोलली नाही.

धरणाच्या भिंतीवर सरसकट सोडत नाहीत. समोरच्या बाजूनं, जरा लांबून दरवाजे दिसतात. सात. बंद, कोरडे, खाली काळ्या दगडावर पाण्याचे पांढरट ओघळ वाळलेले. आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एक-दोन-तीन करत बोटानं मोजलं.

"एवढंच हायत व्हय?"

ते 'एवढंच' मी विसरणार नाही. तिच्या मनात ते दरवाजे भवानी मंडपाच्या कमानीएवढे असणार.

"सहा नंबरचा कुठला?" तिनं शेवटी गाइडला विचारलंच. त्यानं दाखवला. मग त्यानं ते दरवाजे कसे चालतात ते सांगितलं, आणि ते मला कोल्हापुरात जन्म काढून धड माहीत नव्हतं. हे दरवाजे कुणी उघडत नाही. वीज लागत नाही, बटण नाही, माणूस नाही. तलाव भरून पाणी ठरलेल्या रेषेच्या वर आलं की पाण्याचा रेटाच दरवाजा उचलतो. पाणी उतरलं की मागं बांधलेल्या वजनानं दरवाजा आपसूक बसतो. धरणाची पूर्ण पातळी 347.5 फूट. एक दरवाजा उघडला की 1428 क्युसेक.

"म्हंजे कोण सोडत न्हाई पाणी?"

"कोण न्हाई मावशी. भरलं की जातंय." (आज्जीची मावशी झाली होती. पोरगं हुशार.)

आत्या काही बोलली नाही. एवढी वर्षं 'सोडलं बघ मेल्यांनी' म्हणत आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागणारच. तलाव काठोकाठ होता. त्यात शाहू महाराजांनी बांधलेला बेनझर व्हिला आहे. पाणी उतरलं की तो नीट दिसतो, आम्हाला लांबून नुसती जागा कळली.

दुपारी राऊतवाडीचा धबधबा. खरं सांगायचं तर नोव्हेंबरात तो धबधबा राहत नाही, धार होते. जुलैतला राऊतवाडी मी पाहिलाय. तेव्हा पाणी दिसत नाही, नुसता धूर दिसतो, आणि त्या धुरात अर्धं कोल्हापूर ओलं होऊन भजी खात असतं. आता काळ्या कातळाच्या अंगावरून तीन-चार पांढऱ्या वेण्या उतरत होत्या. ऑफिसवाले हिरमुसले, "एवढ्यासाठी आणलंय होय" झालं. मला मात्र आवडला. जुलैत कातळ दिसतच नाही. आता त्याचे थर दिसत होते, प्रत्येक थराच्या फटीत शेवाळ आणि नेचे, आणि खालच्या डोहाचा तळ. डोहाकाठच्या दगडावर एक निळा-काळा पक्षी शेपूट उघडमीट करत बसला होता. शीळकरी कस्तूर, गाइड म्हणाला. पावसाळ्यात माणसासारखी शीळ घालतो, आता गप्प असतो. स्पीकर चालू झाला आणि तो उडाला.

रात्री दाजीपुरात मुक्काम. नाचणीची भाकरी, खर्डा, आणि आठनंतर अशी थंडी की आत्यानं दोन शाली आणल्या होत्या त्या दोन्ही तिनंच वापरल्या.

दुसरा दिवस, शनिवार

हाच दिवस खरा.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण बसमध्ये त्यावरून वाद झाला. दाजीपूर हे राष्ट्रीय उद्यान नाही. आपल्या बाजूचं राष्ट्रीय उद्यान चांदोलीचं, वारणेच्या वरच्या अंगाला. हे अभयारण्य, आणि महाराष्ट्रातलं पहिलं. 1958 साली गव्यांसाठी राखलेलं, 1985 साली वाढवून राधानगरी अभयारण्य झालेलं, 351 चौरस किलोमीटर. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात आपल्या राज्यातल्या चार जागा आहेत: कास, कोयना, चांदोली आणि हे. पाट्यांवर अजून 'बायसन' लिहितात. गवा बायसन नव्हे, तो वेगळाच प्राणी. पण 'दाजीपूर बायसन' एवढं तोंडात बसलंय की आता कोण बदलणार.

पावसाळ्यात जंगल बंद असतं. उघडून थोडेच दिवस झाले होते, त्यामुळं कच्च्या वाटेवर अजून ओल होती. गेटवर नोंद केली, पिशव्या तपासल्या, आणि उघड्या जीपमध्ये बसलो. गाइडनं दोन अटी घातल्या. खाली उतरायचं ते तो सांगेल तिथंच, आणि स्पीकर गेटवर ठेवायचा. दुसऱ्या अटीसाठी मी त्याला मनातल्या मनात एक थाळी तांबडा-पांढरा देऊन टाकला.

पहिला तासभर आम्ही सगळे गवा शोधत होतो आणि तो दुसरंच काहीतरी दाखवत होता. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन. जांभळाच्या शेंड्यावर काटक्या-पानांचा मोठा गोळा: शेकरूचं घरटं, आणि एक शेकरू अनेक बांधतो, राहतो त्यातल्या एखाद्यात. ("आमच्या गल्लीतला बिल्डर तसाच हाय," मागून कुणीतरी.) एका फांदीला मातकट, फुटबॉलएवढा गोळा चिकटलेला. मला वाटलं मधमाश्या. ते मुंग्यांचं घर होतं, झाडावरचं. तांबूस सुतार नावाचा एक सुतारपक्षी त्या मुंग्यांच्या घरालाच भोक पाडतो आणि आत अंडी घालतो. मुंग्या त्या पक्ष्याचं खाणं. आणि त्याच मुंग्या पिलांना काही करत नाहीत. का, ते मी विचारलं. "त्यांचं त्यांचं ठरलेलं असंल," गाइड म्हणाला. हे उत्तर शास्त्रात बसत नसलं तरी मला पटलं.

वाटेवर आडवं जाळं लागलं तेव्हा ड्रायव्हरनं जीपच थांबवली. दोन झाडांच्या मध्ये, वाट अडवून, उन्हात सोनेरी दिसणारे धागे, आणि मधोमध तळहाताएवढी कोळीण. बाजूला नखाएवढा तांबडा ठिपका, तो नवरा. आत्यानं चष्मा पुसून निरखून पाहिलं. "असं पायजे," म्हणाली. गाइडनं काठीनं एका बाजूचा धागा अलगद उचलून धरला, आम्ही वाकून खालून गेलो, आणि त्यानं तो पुन्हा फांदीला लावून दिला. सगळा मिळून अर्धा मिनिट. पण गाडीतल्या स्पीकरवाल्यांपैकी एकजण त्यानंतर दिवसभर गाइडच्या मागंमागं होता, हे सांगायला हवं.

ठक्याच्या वाड्याच्या पुढं एका ओल्या जागी त्यानं आम्हाला उतरवलं. चिखलात खूर उमटलेले, बशीएवढे, प्रत्येकात पाणी साठलेलं. एका खुरातलं पाणी नितळ, तळाचं वाळकं पान दिसत होतं. चार पावलांवरच्या खुरातलं गढूळ. त्यानं गढूळ खुरावर बोट ठेवलं आणि ओठ हलवून म्हणाला, "आत्ता गेलाय." आवाज काढला नाही. सगळे गपगार. कारवीच्या दाटीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मग एक फुरफुर, बैल नाकातून सोडतो तशी पण फार मोठी. आणि संपलं. पंधरा मिनिटं उभे राहिलो. दिसलं काहीच नाही.

मग सावराईचा सडा. घनदाट झाडीतून जीप एकदम उघड्यावर येते आणि डोळे दिपतात. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. सप्टेंबरात इथं फुलं असतात, आता गवत पिवळं पडायला लागलेलं. जागोजाग उथळ तळी, काही माझ्या घरातल्या परातीएवढी, काही अंगणाएवढी, आटत चाललेली, कडेनं चिखलाच्या पापुद्र्यांची झालर. आत्या चपला काढून जांभ्यावर बसली. दगड भोकाभोकांचा, वाळलेल्या मधाच्या पोळ्यासारखा. गाइडनं बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओतलं. बघता बघता दगडानं पिऊन टाकलं.

"चार म्हयने सडा असं पाणी पितोय. मग खाली झऱ्यातनं सोडतोय, हळूहळू. काल राऊतवाडीला धार बघितलासा न्हवं? पाऊस जाऊन किती दिवस झालं. ते पाणी आलं कुठनं मग?"

आत्याला हे आवडलं, पण तिचा प्रश्न तयार होता. "मग पावसाळ्यात का धरून ठेवत न्हाई? तवाच जरा धरलं असतं तर आमचं कपाट वाचलं असतं."

"भरल्यावर त्यो तरी काय करंल मावशी."

ती हसली. पूर या विषयावर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग पाण्याची बाटली त्याच्या हातातून घेऊन तिनंही थोडं ओतलं, दुसऱ्या दगडावर. तिसऱ्यावर. मी म्हटलं, "आत्या, प्यायला राहू दे." "गप गं."

सड्याच्या कडेवरून पश्चिमेला कोकण उतरत जातं, निळ्या घड्या पडलेल्या. इकडच्या अंगाला पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेत, तिथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात. तिकडच्या अंगाला पडला तर अरबी समुद्र फार लांब नाही. एखाद्या थेंबाचं नशीब वाऱ्याच्या एका झुळकीनं ठरत असणार. तिथं एक तास बसायला हवं होतं, मिळाली वीस मिनिटं. सहलवाल्याला घड्याळाची आठवण नेमकी चांगल्या जागी होते.

दुपारनंतर शिवगडाच्या बाजूला वाट चालणारे चालले. मी आणि आत्या जीपपाशी बसून शेंगदाणे खाल्ले. त्यामुळं शिवगडाबद्दल मी काही लिहीत नाही.

संध्याकाळी गेटमधून बाहेर पडताना सगळ्यांचे चेहरे एकसारखे. दिवसभर जंगलात आणि गवा नाही. सहलवाल्याच्या मेसेजमध्ये 'गवे हमखास' असं होतं, त्याची त्याला दोघांनी आठवण करून दिली. मुक्कामाकडे निघालो. अंधार पडायला आला होता. गावाबाहेर रस्त्याच्या खालच्या अंगाला भात कापून झालेली खाचरं. ड्रायव्हरनं एकदम इंजिन बंद केलं.

पाच होते. खाचरात, रस्त्यापासून दगड मारला तर पोचेल इतक्यावर. चार काळ्या पाठी आणि एक तांबूस पिलू. चित्रात दिसतात त्यापेक्षा किती तरी मोठे, आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, शाळेला निघालेल्या पोराचे मोजे असावेत तसे. एकानं मान वर केली. जबडा हलत होता, तोंडाच्या कडेला धानाची एक काडी लोंबत होती, आणि तो आमच्याकडं बघत बघत ती ओढून घेत होता. भीती नाही, घाई नाही. पलीकडं बांधावर, चार खांबांवर बांधलेल्या माळ्यावर एक माणूस बसला होता. तो डबा बडवायला लागला. गव्यांनी तिकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली मान घातली.

तो माणूस उतरून रस्त्यावर आला. खांद्यावर घोंगडं. आम्ही सगळे अजून भारावलेले, कुणीतरी त्यालाच म्हणालं, "काय नशीब तुमचं, रोज बघायला मिळतात!"

"तुमी बघाय येताय," तो म्हणाला, "आमी जागाय येतोय." कापून झालेलं गेलं, पण शेजारच्या खाचरात अजून उभं होतं. त्यासाठी रात्रभर माळ्यावर. डबा, फटाके, आरडाओरडा. "ह्यांस्नी आता डब्याची सवं झालीया. आमच्या पोरांस्नी वळखत्यात."

आत्या जीपमधून उतरली, त्याच्याशी बोलत बसली. गवे सोडून दोघं बोलत होती ते पाण्यावर. किती फूट, किती पोती गेली, कुठल्या साली. तिनं कपाटाचं सांगितलं. त्यानं भाताचं. आम्ही गव्यांचे काळे डाग असलेले पंचवीस-तीस फोटो काढले. एकही धड आलेला नाही.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी गगनगिरी महाराजांचा मठ, मग परत. येताना काळम्मावाडीवरून, मुदाळतिट्ट्यावरून. दूधगंगेवरचं हे धरण राधानगरीच्या तिप्पट मोठं, सुमारे पंचवीस टीएमसी. 2023 च्या दिवाळीपासून थेट पाइपलाइननं कोल्हापूरला इथून पाणी येतं, पन्नास किलोमीटरच्या वर अंतरावरून. गाडी तिथं पाच मिनिटं थांबली. आत्या झोपली होती, उठवलं नाही.

दुपारी तीनला शुक्रवार पेठेत पोचलो. त्रिपुरी पौर्णिमा दोन दिवसांवर होती, गल्लीतली पोरं पंचगंगा घाटावर पणत्या लावायच्या म्हणून वर्गणीची वही घेऊन फिरत होती. आत्याच्या दारावर 2019 च्या पाण्याची रेघ आहे, तिनं मुद्दाम रंग द्यायचा ठेवलेला भाग. शेजारीण तिथंच उभी.

"काय काय बघितलासा?"

"सात दरवाजे हायत. आपल्या आपण उघडत्यात, कोण सोडत न्हाई," आत्या कुलूप काढता काढता म्हणाली. "आणि सहा नंबरचा दिसाय साधाच हाय गं."

पिशवीतून तिनं जांभ्याचा एक हाताएवढा तुकडा काढून खिडकीत ठेवला. अभयारण्यातून दगड आणायचा नसतो, हे मी तिला सांगितलं. "आतला न्हाई. त्या मानसाच्या बांधावरचा हाय, त्यानंच दिला," ती म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी त्यावर ओतून बघत उभी राहिली.